खेळातलं चलन आणि तिसरा भिडू

मागच्या वेळी प्रश्नोत्तरं चालू असताना एका श्रोत्याने विचारलं होतं की, ऑनलाइन गेममधलं चलन कंपनीने स्वतःच खऱ्या पैशांत विकायला काढलं, तर तो गेम ‘पे टू विन’ होतो की नाही? वेळ संपली होती, म्हणून आम्ही तो प्रश्न खिशात टाकून घरी नेला. आज फक्त त्याच्यावरच बोलणार आहोत.

आम्ही म्हणजे चौघं. बोलणारं तोंड एक असलं तरी हा विषय आम्ही चौघांनी मिळून भांडून-भांडून तयार केलाय, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. आणि एक कबुली आधीच देऊन टाकतो. या बाजारात आम्ही फक्त प्रेक्षक नव्हतो. विकत घेणारेही होतो आणि विकणारेही होतो. ते पुढे येईलच.

‘पे टू विन’ म्हणजे पैसे टाका आणि जिंका. हा शब्द वर्णनासाठी कमी आणि शिवीसाठी जास्त वापरला जातो. हरलेला माणूस तो पटकन उच्चारतो. लहानपणी आपण म्हणायचो ना, ‘रडीचा डाव’! त्यातली निम्मी रड खरी असायची आणि निम्मी आपलीच असायची. तसंच हे आहे. म्हणून समीक्षा करायची तर आधी रड बाजूला काढावी लागते, मग उरतं त्याच्याकडे बघता येतं.

गल्लीतलं क्रिकेट आठवा. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीत तो पाळला जायचा. बॅटवाल्याच्या वडिलांनी पैसे दिले होते आणि त्या पैशाला मान होता. पण त्रिफळा उडाला की उडाला! बॅट कुणाचीही असो. आता काही बॅटवाले पहिल्या बॉलला आउट झाले की ‘ट्रायल बॉल होता’ म्हणायचे आणि आपण ऐकून घ्यायचो, नाहीतर तो बॅट घेऊन घरी जायचा. (हशा) बघा, दोन्ही ठिकाणी पैसाच बोलतोय. पण पहिली बॅटिंग मिळणं वेगळं आणि पडलेल्या दांड्या परत उभ्या करणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा.

आता दुसरा खेळ, व्यापार. नकली नोटा, शहरांची तिकिटं, घरं, हॉटेलं. समजा तिघं खेळताय: दादा, ताई आणि तुम्ही. अर्ध्या डावात ताईला वेफर्स खावेसे वाटले. दादाने खिशातून खरे वीस रुपये काढून तिला दिले आणि तिच्या पाच हजारांच्या नकली नोटा घेतल्या. बँकेच्या डब्यातून एकही नवी नोट बाहेर आली नाही. पटावरचा एकूण पैसा होता तेवढाच राहिला. ताई खूश, दादा खूश, दोघांच्या राजीखुशीचा सौदा. दोन फेऱ्यांनी दादाने मुंबईवर हॉटेल बांधलं आणि तुमची सोंगटी नेमकी तिथे जाऊन पडली.

तुम्ही ओरडलात, ‘ही चीटिंग आहे!’ दादा शांतपणे म्हणतो, ‘कशी काय? एक तरी नोट जास्त आली का?’

तो बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात. ऑनलाइन गेमांतला सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. तुम्ही इथले तिसरे भिडू. सौदा दोघांत झाला, तुम्हाला कुणी विचारलं नाही आणि हॉटेलचं भाडं मात्र तुम्ही भरलंत. इथून पुढे आम्ही प्रत्येक गेमकडे या तिसऱ्या भिडूच्या जागेवरून बघणार आहोत.

दादा-ताईचा हाच सौदा सगळ्यात विचारपूर्वक कुणी मांडला असेल तर ‘ईव्ह ऑनलाइन’ने. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीचा हा गेम २००३ साली आला. अवकाश, जहाजं, खाणकाम, व्यापार, युद्ध असं सगळं त्यात आहे. आणि सगळे खेळाडू एकाच विश्वात. इतर गेमांत असतात तसे सुटे-सुटे सर्व्हर नाहीत (चीनसाठी तेवढा वेगळा आहे). जवळजवळ प्रत्येक जहाज कुठल्यातरी खेळाडूने बांधलेलं, त्याचं खनिज दुसऱ्या कुणीतरी खणलेलं. २००७ साली या कंपनीने चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला, एयोल्फर गुडमुंडसन. पुढे ते आइसलँडमधल्या एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गेममधल्या महागाईवर अहवाल लिहिणारा माणूस कुलगुरू होतो, हे आम्हाला फार आवडतं.

२००८ मध्ये त्यांनी प्लेक्स आणलं. कल्पना साधी होती. गेमला महिन्याची वर्गणी होती. प्लेक्स म्हणजे एका महिन्याच्या वर्गणीचं कूपन, पण गेमच्या आत वस्तू म्हणून वावरणारं. ज्याच्याकडे डॉलर आहेत तो कंपनीकडून प्लेक्स घेतो आणि गेमच्या बाजारात आयएसके या गेममधल्या चलनात विकतो. ज्याच्याकडे वेळ आहे तो खणून, लढून, व्यापार करून आयएसके कमावतो, त्यातून प्लेक्स घेतो आणि महिनाभर फुकट खेळतो. भाव कंपनी ठरवत नाही, बाजार ठरवतो. पुढे २०१७ साली एका प्लेक्सचे ५०० तुकडे केले गेले, पण तत्त्व तेच राहिलं. आयएसके कंपनीने छापलं नाही. दादाने ताईकडून घेतलं.

हे करायचं कारणही होतं. त्याआधीपासून सगळ्याच मोठ्या गेमांत चलनाचा काळा बाजार जोरात होता. चीनमध्ये खोल्यांमध्ये पाळ्या लावून पोरं गेममधलं सोनं गोळा करायची आणि ते अमेरिकेत विकलं जायचं, याच्या बातम्या तेव्हा जगभर आल्या होत्या. या बाजारात चोरलेली खाती, चोरलेली कार्डं, बॉट असं सगळं यायचं. कंपन्यांचं म्हणणं असं की, लोक विकत घेणारच आहेत तर आमच्या काउंटरवरून घेऊ द्या. दारूबंदीच्या जिल्ह्यात जो युक्तिवाद ऐकू येतो, तोच हा. आम्हाला तो पूर्ण पटत नाही, पण पूर्ण खोटाही वाटत नाही.

मग ईव्ह पे टू विन झाला का? एक किस्सा सांगतो. २०१० साली एका खेळाडूने ७४ प्लेक्स केस्ट्रेल नावाच्या एका छोट्या, कागदासारख्या जहाजात भरले आणि जिटाच्या आसपास निघाला. जिटा म्हणजे त्या विश्वातली मुख्य बाजारपेठ, आपलं एपीएमसीचं यार्डच म्हणा. तिथे टपून बसलेल्या लोकांनी जहाज फोडलं. प्लेक्स जहाजाबरोबरच नष्ट झाले. खऱ्या पैशांत किंमत बाराशे डॉलरच्या वर. कंपनीने काही परत केलं नाही, कारण नियमच तसा आहे. जहाज फुटलं की गेलं. पैसे देणाऱ्याला इथे काय मिळालं? मोठं नुकसान करून घेण्याची संधी!

आणि हे अपवादात्मक नाही. नव्या पण पैसेवाल्या खेळाडूने महागडं युद्धजहाज घेतलं, एकट्याने बाहेर पडला आणि चार स्वस्त जहाजांनी त्याला घेरून संपवलं, हे ईव्हमध्ये रोजचं आहे. टायटन हे तिथलं सगळ्यात मोठं जहाज. पण टायटनला सोबत ताफा लागतो, टेहळणी करणारे लागतात, रात्री दोन वाजता फोन केला तर उठून येणारे मित्र लागतात. ते प्लेक्स विकून मिळत नाहीत.

जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी नावाच्या ठिकाणी एक लढाई झाली. एका प्रदेशाच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही आणि तिथून पेट घेतला. आपल्याकडे लाइटबिल भरायचं राहिलं की वायरमन येतो. तिथे शत्रूचा ताफा आला. (हशा) एकवीस तासांच्या आसपास लढाई चालली, ७५ टायटन नष्ट झाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे: तीन लाख डॉलरचं नुकसान! आता हा आकडा आला कुठून? आयएसकेचा प्लेक्सशी भाव, प्लेक्सचा डॉलरशी भाव, अशी गणितं करून. ती जहाजं कुणी दुकानातून तीन लाख डॉलर मोजून आणली नव्हती. हजारो लोकांनी महिनोन्‌महिने खणून, बांधून ती उभी केली होती. शेतकऱ्याच्या घरची भाकरी हॉटेलच्या दराने मोजावी, तसा तो आकडा. पण त्यातून एक गोष्ट दिसते. एकदा चलनाला अधिकृत दर मिळाला की, खेळातल्या प्रत्येक वस्तूवर न चिकटवलेलं एक किमतीचं लेबल दिसायला लागतं. तुमचं जहाज फुटलं की मनात पहिला विचार लढाईचा येत नाही, रुपयांचा येतो. हा बदल जिंकण्याहरण्याच्या पलीकडचा आहे आणि तो कुठल्याच वादात मोजला जात नाही.

२०११ चा उन्हाळाही सांगायला हवा. कंपनीने पात्रांसाठी शोभेच्या वस्तू विकायला काढल्या, त्यात साठ-सत्तर डॉलरच्या घरातला एक चष्मा होता, एका डोळ्यावरचा. त्याच सुमारास कंपनीचं एक अंतर्गत पत्रक फुटलं, ज्यात जहाजं आणि दारूगोळाही थेट विकावा का, अशी चर्चा होती. खेळाडू भडकले. जिटामधल्या एका स्मारकावर शेकडो जहाजांनी गोळ्या झाडत राहून निषेध केला, अनेकांनी वर्गणी बंद केली आणि काही महिन्यांनी कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली. आता बघा, प्लेक्स येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि ते लोकांनी पचवलं होतं. मग दारूगोळ्यावर एवढा संताप का? कारण प्लेक्सच्या पैशातून तुम्ही जे घ्याल ते दुसऱ्या कुणीतरी घडवलेलं असतं. कंपनीने थेट विकलेला दारूगोळा हवेतून येणार होता. बँकेच्या डब्यातून नवी नोट. खेळाडूंनी हा फरक अर्थशास्त्र न शिकता ओळखला.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की आम्ही दादाच्या बाजूचे झालो. थांबा. आता आमच्या आतेभावाची गोष्ट.

एक मोबाइल गेम होता. नाव घेत नाही, मुद्दा त्या एका गेमचा नाही. गाव बांधायचं, सैन्य तयार करायचं, दुसऱ्याच्या गावावर चाल करून जायचं. आमचा कंपू तो खेळायचा आणि आतेभाऊ, तेव्हा नववीत, आमच्यापेक्षा चांगला खेळायचा. हल्ला कुठून करायचा, सापळे कुठे असतील याच्या त्याने वहीत आकृत्या काढल्या होत्या. आमच्यातल्या एकाला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्याने गेममधलं चलन घेतलं. तीन महिन्यांचं बांधकाम एका रविवारी दुपारी पूर्ण झालं. मग आम्ही जिंकायलाच लागलो. समोरच्याचे किल्ले आमच्यापुढे टिकेनात. मजा आली, खोटं कशाला बोला! आतेभाऊ मात्र दुसऱ्या गटात होता. एके दिवशी आमच्याच गटाने त्याचं गाव लुटलं. तो घरी आला, वही घेऊन. म्हणाला, ‘दादा, माझी मांडणी कुठे चुकली ते सांग.’

आम्ही वही बघितली. मांडणी चुकली नव्हती. त्याला सांगण्यासारखं आमच्याकडे काहीही नव्हतं. ‘तू पैसे भर’ एवढंच होतं, आणि नववीतल्या पोराला ते सांगायचं कसं? दोनेक आठवड्यांनी त्याने गेम काढून टाकला. वही आमच्याकडेच राहिली.

त्या वहीतून आम्हाला आमची कसोटी मिळाली. तिसरा भिडू हरल्यावर विचारतो, माझं काय चुकलं? या प्रश्नाला खेळाच्या आतलं उत्तर असेल तर चलन विकूनही तो खेळ पे टू विन होत नाही. ‘एकटा फिरू नकोस, पुढे टेहळणी ठेव, एवढा माल छोट्या जहाजात नेऊ नकोस’ ही ईव्हची उत्तरं आहेत. हरणाऱ्याला ती उपयोगी पडतात. पण उत्तर फक्त दुकानाकडे बोट दाखवत असेल, तर तिथे पैशानेच जिंकलं. चलन कुणी छापलं, कंपनीने की दुसऱ्या खेळाडूने, हे त्यानंतर दुय्यम ठरतं.

म्हणूनच ईव्हला आम्ही पूर्ण गुण देत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी स्किल इंजेक्टर आणले. या गेममध्ये कौशल्यं घड्याळाने वाढतात. तुम्ही झोपलात तरी वाढतात आणि चोवीस तास खेळलात तरी त्याच वेगाने. मोठं जहाज चालवायचं तर महिने, कधी वर्षं थांबावं लागे, श्रीमंताला आणि गरिबालाही. (तयार पात्र आयएसके देऊन विकत घेता यायचं, ही पळवाट आधीही होती. पण ते पात्र दुसऱ्याचं, त्याच्या नावानिशी आणि इतिहासासकट यायचं.) इंजेक्टर आल्यावर एका पात्रातून पाच लाख कौशल्यगुण काढून कुपीत भरता येऊ लागले आणि ती कुपी बाजारात विकता येऊ लागली. ज्याच्याकडे आधीच खूप गुण आहेत त्याला त्यातले कमी लागू पडतात. आठ कोटींच्या वर असाल तर पाच लाखांतले दीड लाखच. म्हणजे एकूण गुण वाढत नाहीत, उलट थोडे विरतात. कंपनीचा हिशोब चोख आहे. डब्यातून नोट आली नाही.

पण तिसऱ्या भिडूकडे बघा. ‘मी का हरलो?’ या प्रश्नाचं एक उत्तर आजवर ‘थांब, तुझीही वेळ येईल’ असं होतं आणि ते सगळ्यांना सारखं लागू होतं. ते उत्तर विक्रीला निघालं. पुढच्या काळात टायटनची संख्या वाढतच गेली. खाणकामाच्या नियमांतले बदल हेही त्याचं कारण होतं, पण टायटन चालवणारे लोक इतक्या पटापट तयार झाले ते कुपीमुळेच. काही जण तर पात्रांची शेती करू लागले, फक्त गुण काढून विकण्यासाठी. आमचं मत स्पष्ट आहे: प्लेक्स हा चांगला तोडगा होता, इंजेक्टर ही चूक होती. आणि ही चूक प्लेक्सच्याच तर्काने झाली. ‘दोघं राजी आहेत आणि नवीन काही छापलं जात नाही’ एवढंच बघत गेलं की कुठे थांबायचं ते कळत नाही.

आता ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’कडे वळू. थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१५ मध्ये तिथे टोकन आलं, अमेरिकेत वीस डॉलरला. प्लेक्सचाच भाऊ, फक्त इथे सोन्यातला भाव कंपनी मागणी-पुरवठा बघून ठरवते. या गेमचा बचाव वेगळा होता. उत्तम शस्त्रं आणि चिलखतं बहुतेक वेळा राक्षस मारणाऱ्यालाच चिकटतात, बाजारात विकता येत नाहीत. म्हणजे सोनं आणि विजय यांच्यामध्ये भिंत. कागदावर झकास. पण खेळाडूंनी भिंतीला दार पाडलं. ‘आम्ही राक्षस मारतो, तुम्ही फक्त सोबत उभे राहा, एवढं सोनं द्या.’ वस्तू विकता येत नाही तर सोबत विकली.

क्लासिक आवृत्तीत याचंच एक देखणं रूप होतं, जीडीकेपी. चाळीस किंवा पंचवीस जण मिळून राक्षस मारतात, मिळालेल्या प्रत्येक वस्तूचा जागेवर सोन्यात लिलाव होतो आणि शेवटी जमलेलं सोनं सगळ्यांत वाटलं जातं. आम्ही याला देखणं म्हणतो ते उगाच नाही. यात तिसऱ्या भिडूला वाटा मिळतो! वस्तू नाही मिळाली तरी तो हात हलवत घरी जात नाही. भिशीच्या लिलावासारखं. म्हणून कितीतरी साध्या, पैसे न भरणाऱ्या खेळाडूंना हा प्रकार आवडायचा. पण बोली लावणाऱ्यांचं सोनं यायचं कुठून? बरंचसं काळ्या बाजारातून, हे सगळ्यांना माहीत होतं. २०२३ मध्ये क्लासिकच्या एका आवृत्तीत अधिकृत टोकन आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या एका आवृत्तीत कंपनीने जीडीकेपीवरच बंदी घातली. म्हणजे सोनं विकणं चालेल पण सोन्याची बोली लावणं चालणार नाही, अशा जागी ते येऊन पोहोचले. आवृत्त्या वेगळ्या आहेत हे मान्य. तरी विसंगती राहतेच.

यात ‘डायब्लो ३’ची आठवण येते. २०१२ साली त्यात खऱ्या पैशांचं लिलावघर होतं आणि १८ मार्च २०१४ ला ते बंद करण्यात आलं. तिथे तर मुख्यतः कुणाशी स्पर्धाही नव्हती. तरी लोक कंटाळले, कारण राक्षस मारून वस्तू मिळवणं हाच तो गेम होता आणि वस्तू दुकानात जास्त चांगली मिळत होती. तिसरा भिडू नसतानाही खेळ बिघडू शकतो, एवढं नोंदवून पुढे जातो.

आता एक उलट बाजू, आणि ही आमच्या अंगाशी येणारी आहे. लोक म्हणतात, ‘नोकरी, मुलंबाळं असलेल्या माणसाने रोज सहा तास कुठून आणायचे? कॉलेजातल्या पोराकडे वेळ आहे, माझ्याकडे पैसा आहे. वेळ चालतो, मग पैसा का नाही?’ प्रश्न रास्त आहे. खेळात घालवलेला वेळ हा निदान खेळच असतो, हे आमचं उत्तर. पण खाणीजवळ तीन तास जहाज उभं करून दुसऱ्या खिडकीत सिनेमा बघणं याला खेळ म्हणायचं का, असं कुणी विचारलं तर आम्ही गप्प बसतो.

गप्प बसण्याचं कारण, ते तीन तास आम्हीच घालवलेत. डॉलरमधली वर्गणी आम्हाला परवडत नव्हती आणि चौघांपैकी कुणाकडे आंतरराष्ट्रीय कार्डही नव्हतं. आम्ही खणायचो, आयएसके साठवायचो, प्लेक्स घ्यायचो. म्हणजे तिकडे कुठल्यातरी अनोळखी नोकरदाराने डॉलर भरले, म्हणून इकडे हॉस्टेलवर आमचा महिना निघाला. त्याने आमच्या श्रमाचं जहाज घेतलं आणि कुणाला तरी त्याने बडवलं असणार. त्या तिसऱ्या भिडूला आम्ही कधी बघितलं नाही. आम्ही त्या पटावरची ताई होतो, वेफर्स खाणारी.

आणि ही ताई नेहमीच हॉस्टेलवरचं मजेत असलेलं पोर नसते. व्हेनेझुएलाचं अर्थकारण कोसळलं तेव्हा तिथले अनेक जण ‘रनस्केप’च्या जुन्या आवृत्तीत हिरवे ड्रॅगन मारून मिळालेलं सोनं काळ्या बाजारात विकून घर चालवायचे. त्या गेममध्येही बाँड नावाचं अधिकृत कूपन आहे, पण बाँडमधून मुख्यतः गेमचं सभासदत्व मिळतं. त्यातून अन्न मिळत नाही, म्हणून त्यांना काळा बाजारच धरावा लागला. २०१७ च्या सुमारास काही खेळाडूंनी या लोकांना ओळखून गेममध्ये मारायचं कसं याची चर्चा चालवली. गेममधल्या नियमाप्रमाणे त्यात काहीच चूक नव्हती. आम्हाला मात्र ते वाचताना कसंतरी झालं. चलनविक्रीला विरोध करणारी माणसं आपोआप सज्जन ठरत नाहीत.

बरं, वेळ होत आली. चॅटमध्ये एक प्रश्न आलाय, तेवढा घेतो. ‘बीजीएमआयमध्ये यूसी विकत मिळतं. मग तो पे टू विन आहे का?’

आमच्या कसोटीवर नाही. यूसीमधून पोशाख मिळतात, बंदुकांवरची रंगरंगोटी मिळते. गोळीचा मार मात्र तेवढाच राहतो. झगझगीत बंदूकवाल्याने तुम्हाला मारलं आणि तुम्ही विचारलंत ‘माझं काय चुकलं?’, तर उत्तर खेळातच आहे: उघड्या मैदानात पळत होता, झाडामागे जायला हवं होतं. आमचा आतेभाऊ आता तोच खेळतो, यूसी न घेता, आणि आम्हाला भरपूर हरवतो. मात्र ते पोशाख बऱ्याचदा पेटीतून येतात आणि पेटीत काय निघेल ते पैसे भरताना माहीत नसतं. ती भानगड जिंकण्याची नाही, जुगाराची आहे. तिला वेगळं व्याख्यान लागेल, पुढच्या महिन्यात बघू.